आठ दिव्यांचा बोर्ड

माझे वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की आईने उन्हाळ्यात सुकवलेले बोंबील विकून घर चालायचं. तेही संपत आले की आम्ही रात्री पेज पिऊन झोपायचो, आणि कोणी विचारलं तर ‘जेवण झालं’ म्हणायचो. अशा घरातून मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर झालो. आमच्या आळीत त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी ताठ मानेने सांगतो.

पदवीनंतर एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. फोनवर सांगितलं गेलं, “स्वतः बनवलेलं काहीतरी चालू स्थितीत घेऊन या.” माझ्याकडे होता आठ बिटांचा संगणक, सुट्या चिपा जोडून घरीच केलेला. सकाळी तो नीट आकडे मोजायचा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की मध्येच थिजायचा. आणि मुलाखत होती दुपारची.

आत काय बिघडतंय ते दिसावं म्हणून मी बस मॉनिटर, म्हणजे दिव्यांचा एक वेगळा बोर्ड, करायला घेतला. संगणकात माहिती आठ तारांवरून ये-जा करते, त्या जुडग्याला बस म्हणतात. प्रत्येक तारेला एक लाल दिवा, आणि एक बटण. ते दाबलं की संगणक एकच पाऊल पुढे जाणार. सोल्डर करताना प्रत्येक सांधा मी दोनदा तपासत होतो. हे दिवेच चुकीचे लागले, तर खरं कुणाचं धरायचं?

“मशीन चालत नाय आणि तिच्यावर दिवे लावतोस?” वडील म्हणाले. “होडीचं इंजिन बंद पडलं तर आम्ही काय आरास करतो?”

“बाबा, काळोखात इंजिन उघडताना बॅटरी लागते ना?”

“हां. ता खरा.”

वारा सुटला. मी बटण दाबत गेलो. चौथा दिवा लागला की शेजारचा पाचवाही कारण नसताना लागत होता. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. संगणकाचा मुख्य बोर्ड उलटा केला, तर चौथ्या-पाचव्या दिव्याला जाणाऱ्या तांब्याच्या दोन रेषांच्या मधे हिरवट कीट चढलेलं.

“आये, हा बोर्ड मी जोडायच्या आधी तू घासलेलास काय गो?”

“काळा पडलेला ना. तांब्याचाच हाय तो. देवाच्या भांड्यांबरोबर आमसूल-मीठ लावून लख्ख केला.”

तेव्हा ती चमक बघून मी खूशच झालो होतो. बोर्डावर राहिलेलं मीठ दमट वाऱ्यातलं पाणी ओढत होतं, आणि एका रेषेतली वीज दुसरीत जात होती.

आईचा चेहरा उतरला. “मंजे माज्यामुळं तुजी नोकरी गेली काय रे?”

“अजून गेलेली नाय,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच पटला नाही.

चिपा काढून बोर्ड कोमट पाण्यात ब्रशने धुतला, स्पिरिटने पुसला, अंगणात उन्हात ठेवला. आई काठी घेऊन शेजारी बसली.

“आये, कावळे बोंबील नेतात. बोर्ड नेत नाहीत.”

“तू गप.”

चिपा परत बसवल्या. वारा सुटल्यावर मी बटणावर बोट ठेवलं. आई डोळे मिटूनच उभी होती. चौथा दिवा लागला. पाचवा विझलेलाच राहिला.

मुलाखतीच्या दुपारी संगणक शेवटपर्यंत मोजत राहिला. जागा मला मिळाली. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारा पहिला माणूस मी.