धुरकट तार

सतारीची तार छेडून झाली की ते नखी चढवलेलं बोट वर करत. “थांबा, अजून वाजतंय.” तोवर कुणी वाहवा म्हणायची नाही. आमच्या घाईच्या वाहवांची त्यांना भारी चीड.

ठाण्याच्या कचेरीत ते आणि मी शेजारी बसून दस्तऐवजांच्या नकला उतरवत असू. संध्याकाळी तलावाकाठच्या त्यांच्या ओटीवर आम्ही चारपाच रिकामटेकडे जमायचो. ते एकटेच वाजवत. साथीला कुणी नको. “तबलजी आला की त्याच्या वेगानं जेवावं लागतं,” म्हणत. सूर, ठेका, सगळं त्या दोन हातांतच. मधेच ते चक्क थांबत आणि समोरच्या पाण्याकडे बघत बसत. त्या थांबण्यातही मला काहीतरी ऐकू येई. तुम्ही हसाल, पण येई.

एका तापात त्यांच्या पत्नीचे कान गेले. इतकी वर्षं त्या माजघराच्या दाराआडून ऐकत आल्या होत्या. पुरुषांच्या बैठकीत बायकांनी यायचं नाही, असा तो काळ. एका संध्याकाळी त्या सरळ ओटीवर आल्या, नवऱ्याशेजारी बसल्या आणि सतारीच्या भोपळ्यावर त्यांनी तळवा टेकला. आमच्यातले एक वडीलधारे खाकरले आणि जोडे घालून चालते झाले. आमचे हे स्नेही वाजवतच राहिले. मग त्या रोजच येऊ लागल्या. हाताला कळेल तेवढं ऐकत. खरं सांगतो, मला त्या दोघांचा हेवा वाटे.

पुढे यांची छाती बिघडली. खोकल्याची उबळ आली की सतार बाजूला ठेवावी लागे. “सतार राहील हो, पण वाजवणार कोण? हिनं हात कशावर ठेवायचा?” एकदा त्यांनी मला विचारलं. 

त्याच सुमारास मुंबईचा एक फोटोग्राफर तलावाची दृश्यं टिपायला आला. यांनी त्याला ओटीवर बोलावलं. “वाजवतानाचाच काढा.”

“मी सांगेपर्यंत हात हलता कामा नये,” तो म्हणाला.

हात न हलवता सतार! आम्ही हसलो. हे मात्र खुशीत आले. “तार छेडतो आणि ओढून धरतो. ती वाजते आहे तोवर मी तसाही हलत नाही.”

फोटो आला. पगडी, मिशी, सतारीचे पितळी पडदे, सगळं स्पष्ट. एक तार तेवढी, थरथरत राहिल्यानं, धुरकट. फोटोग्राफर ओशाळला, पुन्हा काढतो म्हणाला. “खबरदार!” म्हणत यांनी फोटो छातीशी धरला आणि लहान मुलासारखे आत बायकोला दाखवायला पळाले.

त्या थंडीतच ते गेले. बऱ्याच दिवसांनी मी भेटायला गेलो, तर वहिनी ओटीवर होत्या. फोटो मांडीवर, तळवा फोटोतल्या भोपळ्यावर. त्यांना ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही मी सांत्वनाचं काहीबाही बोलू लागलो. माझे हलते ओठ पाहून त्यांनी बोट वर केलं.

“थांबा भावजी, अजून वाजतंय.”

मी पाण्याकडे तोंड करून ऐकत बसलो.