न वाचता केलेली सही

खालापूरच्या आमच्या कागद कारखान्यात सुपरवायझर टिकत नसे. दोन वर्षांत चार गेले. सगळी डिप्लोमावाली पोरं. वरून साहेब विचारी, माल कमी का निघाला. खालून आम्ही विचारू, बदली माणूस कुठाय. ओव्हरटाइम आम्हाला, त्यांना नाही. रसायनीतल्या कारखान्यांत थोडं बरं दिसलं की ती चालू लागत. आम्ही मागून हसायचो.

मग साहेबांनी मलाच सुपरवायझर केलं. शिक्षण चौथी, पण तीस वर्षं मशीनवर काढलेली. लगदा हाताने चाचपून सांगायचो, कागद तुटणार की नाही. पांढरं हेल्मेट मिळालं तेव्हा छाती फुगली, खोटं कशाला बोलू? पण कामाचे कागद यायचे इंग्रजीत. मी ते डोळ्यांपुढे धरायचो, जरा वेळ लावायचो आणि सही ठोकायचो. कुणाला कळू दिलं नाही.

कर्जतकडच्या माझ्याच गावचा एक जोडीदार माझ्या हाताखाली आला. आम्ही बरोबरच कामाला लागलेलो. एके दिवशी त्याचा बदली आला नाही, म्हणून मीच त्याला लागोपाठ दुसरी पाळी करायला लावली. दुपारी रिळाला टेकून बसला आणि त्याचा डोळा लागला. मी पंपाकडे होतो. नेमका मॅनेजर फेरीला आला आणि त्याने पाहिलं; मला ते नंतर कळलं.

संध्याकाळी ऑफिसातल्या मुलीने कागद पुढे केला.

"काका, तुमच्या माणसाचा आहे. वाचून सही करा."

मला वाटलं, जादा पाळीचा कागद असेल. धरला, वेळ लावला, सही केली.

"वाचलंत ना नीट?"

"वाचलं गं बाई. शाळा घेतेस का माझी?"

दुसऱ्या दिवशी त्याला गेटवर अडवलं, तेव्हा समजलं. तो झोपलेला मी स्वतः पाहिला आणि ही तिसरी वेळ, असं मी सही केलेल्या त्या कागदात लिहिलं होतं. चौकशी लागली. साहेबाने मला विचारलं, "सही तुमची?" जोडीदार समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. मला इंग्रजी येत नाही, एवढं म्हणालो असतो तर त्याची नोकरी राहिली असती.

"माझीच," मी म्हणालो.

त्याला काढलं. आठवड्याभरात मीही राजीनामा दिला. हसणारे हसले असतील, हाही गेला म्हणून.

बायकोने महिनाभर डोकं खाल्लं. "जावा, सांगा त्याला खरं काय ते." शेवटी गेलो. तो ओटीवर बसला होता.

"ये रं, सायेब. पांढरी टोपी कुठं ठिवलीस?"

मी खाली बसलो. त्याची बायको दाराआड उभी राहिली.

"येकच सांग," तो म्हणाला. "तू बगितलंस का मला झोपलेला?"

"नाय."

"मंग? तुला कुठं विंग्रजी येतंय? न वाचताच ठोकलीस ना सही?" तो जवळजवळ हसत होता. "व्हय म्हण रं. आमी काय परके हाय का?"

तेच सांगायला तर मी गेलो होतो. दाराआड बांगडी वाजली आणि माझी मान ताठ झाली.

"मी न वाचता सही करत नाय," मी म्हणालो.

तो उठून आत गेला. त्याच्या बायकोने आणलेला चहा तसाच ठेवून मी चपला घातल्या.