धनेश आणि माझी सासुरवाडी

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा गावात रोज कुठलं ना कुठलं नवं ऑफिस उघडायचं. तशाच एका लहानशा संस्थेत मला नोकरी लागली. काम धनेश पक्ष्याचं. तो जिथे दिसतो त्या जागा नोंदवायच्या, त्यांना पाऊस, तापमान, झाडी यांच्या नकाशांची जोड द्यायची आणि कॉम्प्युटरला विचारायचं, याला आणखी कुठे राहायला आवडेल?

नकाशे मी फार निगुतीनं तयार केले. सगळे एकाच सीमेवर कापलेले, सगळ्यांवर आखलेले बारीक चौकोन एकाच मापाचे हवेत. केसभर फरक राहिला तरी प्रोग्राम अडून बसायचा. जेवतानाही मी चौकोनांबद्दलच बोलायचो. त्या मानानं पक्ष्यांच्या नोंदी सोप्या वाटल्या. गळ्यात दुर्बीण, खिशात जीपीएस, स्कूटरला किक. दिसला धनेश की झाली नोंद.

शेवटी एका रविवारी, ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी, उत्तर आलं. धनेशाला आवडणारा भाग लाल दिसणार होता. लाल पट्टा आमच्या घराजवळून निघाला आणि थेट दुर्गपर्यंत गेला. मी कौतुकानं बायकोला हाक मारली. ती कणकेच्या हातानंच आली, वाकून पाहिलं.

"काहून हो, हा पक्षी माह्या माहेरी जाऊन राहिला का?"

दुर्ग तिचं माहेर.

"कॉम्प्युटरनं काढलाय, मी नाही," मी म्हणालो.

"अन् मधात हे इतकं लाल काय आहे?"

तिथे वडाखाली पोह्यांचा ठेला होता. सासुरवाडीला जाताना मी तिथे हमखास थांबायचो, आणि थांबलो की वर पाहायचो.

"वडाला फळं असतात. धनेश ती खातो," मी शास्त्र सांगितलं.

"हो, अन् खाली तुम्ही पोहे खाता," म्हणून ती हसत आत गेली.

तिला यातलं काय कळतं, असं स्वतःला समजावत मी सोमवारी नकाशा संस्थेच्या प्रमुख मॅडमसमोर ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

"पूरब में धनेश नहीं होता क्या?"

"होता होगा, मॅडम. उधर मेरा जाना नहीं होता."

बोलून गेल्यावर ते वाक्य मला ऐकू आलं. मॅडम हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, एका चौकोनात एकच नोंद ठेवा, बाकीच्या काढा, आणि सगळ्या दिशांना फिरून या. ठेल्याभोवतीच्या माझ्या सगळ्या मेहनतीचा एकच ठिपका उरला.

मग सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं फिरू लागलो. "मले तरी दुसरा रस्ता पाहू द्या," असं बायकोचं म्हणणं. भनपुरीत ट्रकांच्या धुळीत मी जीपीएस आभाळाकडे धरून उभा होतो, त्याला उपग्रह सापडत नव्हते. एका ड्रायव्हरनं गाडी हळू केली. "भैया, रास्ता भूल गए क्या?"

"हव!" बायको मागून ओरडली.

महानदीच्या बाजूला धनेशाची जोडी मिळाली. तीही तिलाच आधी दिसली. मी बॅटरी बदलत होतो.

नव्या नकाशात पूर्वेला लाल डाग उमटले, दुर्गचा पट्टा फिका पडला. मॅडम म्हणाल्या, "अब ठीक है." तेवढ्यावर मी इतका फुगलो की परस्पर पंडरीच्या कापड बाजारात जाऊन बायकोसाठी साडी घेतली. तिला रंग आवडला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन ती बदलून घेऊन आली.