बेधडक ठोकलेलं ‘तेनी’

“विचारलं म्हणून कुणी खात नाही,” हे इस्त्रीवाल्या काकूंचं पालुपद. परदेशातल्या लेकीजवळ राहायचं, तर काकूंना तिथल्या धुलाई कारखान्यात नोकरी हवी होती आणि त्यासाठी स्पॅनिशची तोंडी परीक्षा. मी पुस्तकावरून जेमतेम शिकलेला, पण मास्तर म्हणवून घ्यायची हौस दांडगी, म्हणून काकूंना शिकवायला बसलो. ‘जवळ असणे’ या क्रियापदाचं वर्तमानकाळी ‘तेंगो’, भविष्यकाळी ‘तेंद्रे’, एवढं मला येत होतं. भूतकाळाचं आडवळणी रूप ठाऊक नव्हतं, म्हणून मी अंदाजाने ‘तेनी’ ठोकून दिलं. इस्त्रीच्या प्रत्येक फेऱ्याला काकू ते महिनाभर घोकत राहिल्या.

परीक्षेहून थेट माझ्याकडे आल्या.

“आधी दुकान होतं, गिऱ्हाइकं होती, सगळं सांगितलं हो. दर वेळी ‘तेनी’! परीक्षा घेणारे साहेब हसायलाच लागले. ‘तुवे’ म्हणायचं होतं म्हणे. नापास केलं.”

“कुणी शिकवलं, ते त्यांनी विचारलं का?”

“विचारलं ना. म्हटलं, मास्तर कसले चुकतात, माझंच डोकं मडकं.”

मी समोरचं स्पॅनिशचं पुस्तक मिटून बाजूला सारलं.

“लेकीला कळवते आता, येणं काही होत नाही,” म्हणत काकू माझ्या इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं काखेत मारून निघाल्या. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारातून नुसता बघत राहिलो.