शेजारचा आकडा

युसुफचाचा कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेवटाकडून वाचायचे. पुढची गुळगुळीत पानं, अध्यक्षांचा हसरा फोटो, हे सगळं ते अंगठ्याने उलटून टाकत आणि रोख प्रवाहाच्या पत्रकावर येऊन थांबत. "पहिली पानं म्हंजे नवरदेवाची मिरवणूक. घरात दाणा हाय का, ते मागल्या दारानं कळतं," असं त्यांचं म्हणणं. मी श्रीवर्धनच्या पोस्टात पोस्टमन. भागधारकांना अहवाल आता ईमेलने येतात, पण चाचा पत्रं लिहून छापील प्रती मागवत आणि त्या विटेएवढ्या पाकिटांचा भार माझ्या सायकलीवर पडे. मी कुरकुर केली की म्हणत, "तुझ्यापायीच तर दार उघडतो मी." ते खरंच होतं. बायको गेलेली, एकुलता एक साजिद दूर. सुपारीच्या बागेतल्या त्या सात खोल्यांच्या घरात माझ्याशिवाय फारसं कोणी जात नसे.

तीस वर्षं त्यांनी कुवेतला हिशेबनिशी केली होती. पाकीट देऊन निघालो की ते मला बसवून घेत. "आकडा एकटा कधी खरं बोलत न्हाय. शेजारचा आकडा बोलव, मंग विचार." नफा वाढलेला बघून मी खूश झालो, तर विचारत, येणी किती वाढली? "तू व्यापाऱ्याला सुपारी घातलीस, त्यानं पैशाऐवजी चिठ्ठी दिली. वहीत नफा झाला. पण चिठ्ठीवर मासळी मिळते का तुला? विक्रीपरीस येणी जास्त वाढली, वर कर्ज वाढलं, तर समज, नफ्याचं नि रोकडीचं पटत न्हाय. एक वरीस भांडले तर चालंल. तीन वर्षं भांडले तर घर मोडलं." माझं डोकं दहावीच्या गणितातच अडकलेलं, पण हे डोक्यात शिरलं.

कोळंबी परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत साजिद वित्त विभागाचा प्रमुख झाला, तेव्हा त्यांच्या मोहल्ल्यात आणि आमच्या आळीत पेढे वाटले गेले. 'ताळेबंदाखाली आपल्या साजिदची सही आहे,' एवढ्यावर निम्म्या गावाने कंपनीचे शेअर घेतले. मीही मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे घातले. सही सगळ्यांनी पाहिली, तिच्यावरचे आकडे कुणी पाहिले नाहीत. ते पाहिले एकट्या चाचांनी. तीन वर्षांचे अहवाल ओटीवर शेजारी शेजारी मांडून बसले होते. नफा दरवर्षी चढता, येणी त्याहून चढती आणि धंद्यातून आलेली रोकड तिन्ही वर्षं उणे.

"मनोहर, विकून टाक. साऱ्यांना सांग," ते म्हणाले.

आम्ही विकले. ही बातमी कंपनीपर्यंत पोचली आणि पोराने बापाला आतली खबर दिली, अशी कुजबुज तिथे सुरू झाली. साजिदचा फोन आला तेव्हा मी ओटीवरच होतो. चाचा पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिले, "बेटा, जे छापलंय तेच वाचलं मी." पलीकडून फोन बंद झाला. त्यानंतर साजिदने बापाला फोन केला नाही.

पुढच्या वर्षी त्या कंपनीचं पाकीट पुन्हा आलं. शेअर विकला की पाकीट बंद होतं, हे पोस्टमनला कुणी सांगायला नको. मी चिडलोच. "आम्हाला विकायला लावलंत, आणि स्वतः धरून बसलात?"

चाचांनी नजर चुकवली. "विकले तर सभेला मला कोण घेईल? तिथं तो दिसतो."

भागधारकांची सभा आता व्हिडिओवर होते. अधिकारी पडद्यावर एकेका चौकोनात बसतात. बापाला मुलगा वर्षातून एकदा, तोही शेअरच्या जोरावर दिसत होता. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली.

त्या वर्षी त्यांनी सभेत बोलण्यासाठी नाव द्यायला लावलं. माझ्या मोबाईलवरून मी दिलं. येणी एवढी का वाढली आणि वसूल कधी होणार, हा प्रश्न त्यांनी तीन वेळा लिहून काढला. सकाळी अकराला इस्त्रीचा सदरा घालून मोबाईलसमोर बसले. साजिद डावीकडच्या चौकोनात होता, गालफडं बसलेली. चाचांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग पडद्याकडे बघत राहिले. कागदाची घडी करून खिशात घातली.

"मला काय विचारायचं न्हाय. ते हिशेबाचे साहेब बारीक झालेत. त्यांना येळेवर जेवाया सांगा, एवढंच."

कुणीतरी खुदकन हसलं. "धन्यवाद. पुढचे भागधारक," निवेदिका म्हणाली. साजिद मान खाली घालून कागद चाळत राहिला. चाचा त्यांचा फोन मांडीवर घेऊन दुपारभर बसून होते. तो त्या दिवशी वाजला नाही आणि नंतरही नाही.

सहा महिन्यांनी चाचा गेले. तोवर कंपनीही बुडाली होती. साजिद दफनाला आला. माणसं पांगल्यावर ओटीवर आम्ही दोघेच उरलो.

"मनोहरभाऊ, त्या दिवशी अब्बांच्या हातात कागद होता. काय होतं त्यात?"

मी सांगितलं.

"तोच प्रश्न येणार म्हणून कंपनीने माझ्याकडून उत्तर पाठ करून घेतलं होतं," तो म्हणाला. "अब्बांनी विचारलं असतं, तर मला त्यांच्या तोंडावर खोटं बोलायला लागलं असतं."