लपेटा पाइपाची पहिली घडी

पोरीला हैदराबादेत विषाणूंवर संशोधन करायची जागा मिळाली होती आणि मी अजून ‘जा’ म्हटलं नव्हतं. ‘नको’ही म्हटलं नव्हतं. घरात शेवटचा शब्द माझा असतो, अशी बायकोने माझी समजूत करून ठेवलेली. म्हणून तो शब्द मी जपून वापरतो.

लाखांदूरजवळच्या वावरात उन्हाळी धानाला पाणी देऊन झालं होतं. पाणी वाहून नेणारा, रिकामा झाला की चपटा पडणारा लपेटा पाइप मी तागाच्या बोरीत भरत होतो, म्हणजे कोंबत होतो. एक टोक दाबलं की दुसरं बाहेर.

“बाबा, विषाणूलेही असंच जड जाते,” पोरगी बांधावरून म्हणाली.

“वा! आता बापाले रोग म्हण.”

ती हसत खाली बसली. काही विषाणू जिवाणूत शिरतात, म्हणाली. आत आपली रिकामी कवचं बनवतात आणि लांबच लांब डीएनएचा धागा त्यांत ठासून भरतात. खेचायला इवलं यंत्र असतं. पण आधी कोणी धाग्याला ठरावीक जागी बाक दिला, तरच यंत्राची पकड नीट बसते.

“अन् बाक कोण देते?”

“जिवाणूचंच एक प्रथिन. रोज घरचा डीएनए आवरते ना, तेच.”

“म्हणजे चोराचं गाठोडं घरचाच माणूस बांधून देते?”

“हो. मग जिवाणू फुटते अन् विषाणू बाहेर.”

मी पायाखालच्या चिखलाकडे पाहिलं. धानाच्या मुळाशी, या क्षणी, डोळ्याला न दिसणाऱ्या घरांत कोणी तरी धागा वाकवून देत असेल. पाय कुठे ठेवावा कळेना. एवढ्या वर्षांत मी या चिखलात नुसता चाललो होतो.

“वाकवणाऱ्याले समजते का, आपण काय करून राहिलो ते?”

“नाही बाबा. त्याले कसं समजन?”

तेवढ्यात बायको आली. “अवो, सरका. असं कोंबून होते का?” तिने पाइप बांधावर सरळ पसरला, पाणी निथळू दिलं, टोक दुमडून पहिली घट्ट घडी घातली. “आता गुंडाळा.” पाइप गुमान गुंडाळत गेला.

“मी जाऊ का, बाबा?” पोरीने विचारलं.

“बॅग मी भरून देईन,” बायको माझ्याकडे हात करून तिला म्हणाली. “यायले हात लावू देऊ नको.”

“बॅगेतल्या चादरीची पहिली घडी तरी मले घालू दे,” मी म्हटलं, आणि बोरीचं तोंड बांधायला वाकलो.