डाव्या चाकात कोण चालतं

आमचे हे रेडीच्या बंदरावर खनिजाची लाल माती नेणारा ट्रक चालवतात. ट्रक शेठचा, पण दुपारी जेवायला आले की आमच्या घरापुढच्या खळ्याखाली फणसाकडे उभा करतात. त्यांच्याबरोबर ती लाल धूळ घरात येते, ताटावर बसते, माझ्या झिलाच्या, माझ्या लेकाच्या, पापण्यांवर बसते. मी सांगते ते झालं तेव्हा झील नुकता बसायला लागला होता.

पुढच्या डाव्या चाकाचा टायर झिजायला लागला. सगळा नाही, नुसती आतली कड. बाहेरून बघावं तर नक्षी नवीकोरी, वाकून आत बघावं तर गुळगुळीत. ह्यांनी तो काढून दुसरा घातला, चांगला होता, तर थोड्या दिवसांत तोही तसाच, तिथेच. म्हणजे टायरात काही नव्हतं, जागेत होतं. असं माझ्या डोक्यात आलं आणि मग ते जाईचना.

सासूबाई खळ्यातून बघत म्हणाल्या, "टायर नाय गो तो, व्हाण आसा ती. कोणतरी चलता त्येतसून."

आमच्याकडे देवाला मोठ्या चामड्याच्या वहाणा देतात, माणसाच्या पायाला कधी होणार नाहीत एवढ्या. देव त्या घालून रात्री गावाची शीव फिरतो. काही महिन्यांनी वहाण उचलून बघावी तर तळ झिजलेला. मी लहानपणी स्वतः बघितलाय, हात लावायला भ्यायले होते. आणि आता तसलाच झिजलेला तळ माझ्या दारात.

"आई, घाबरवू नका तिका," हे म्हणाले, पण भात कालवता कालवता पुढे आपणच बोलून गेले, "गाडी मात्र डावीकडे ओढता. हात सैल सोडलंय तर कोणी धरून नेल्यासारखी जाता."

माझा घास तसाच राहिला. रेडीच्या वाटेवर एक उतार आहे, एका बाजूला डोंगर, एका बाजूला खोल. भरलेला ट्रक घेऊन हे रोज तो उतरणार आणि डाव्या चाकात कोण बसलंय ते आम्हाला ठाऊक नाही.

जेवून हे पडवीत आडवे झाले. मी झिलाला कडेवर घेतलं, दोन जास्वंदीची फुलं घेतली आणि खाली गेले, म्हटलं कोण असशील तो अस, चूकभूल पदरात घे, माझ्या घोवाला सोड. भर दुपार. कावळासुद्धा ओरडत नव्हता. इंजिन बंद होतं तरी आत कुठेतरी टक, टक वाजत होतं, थांबत होतं, परत टक. मी फुलं ठेवली आणि टायरावर हात ठेवला. तो गरम होता, अंगासारखा. हात आतून बाहेर ओढला तर मऊ. बाहेरून आत नेला तर टोचला. परत नेला, परत टोचला. मासा साफ करताना उलट्या बाजूने हात गेला की खवले टोचतात, तसं. आणि त्याच वेळी झील चाकाच्या मागच्या काळोखाकडे बघून हसला. दोन्ही हात पुढे केले त्याने, कोणी घ्यायला आलं की करतो तसे.

मी कशी वर आले ते मला ठाऊक नाही.

"काय झाला? जनावर दिसला?" हे धडपडून उठले.

"टायराक खवळां आसत!"

"खवळां? पेडव्याची काय बांगड्याची?" हे हसायला लागले.

"हसू नका तुम्ही! एका बाजून हात जाता, दुसऱ्या बाजून टोचता!"

हसू तिथेच थांबलं. "खंयच्या बाजून टोचता?"

"बाहेरसून आत नेलंय तर."

खाली येऊन त्यांनी स्वतः हात फिरवला, मग उजव्या चाकावर फिरवला. तिथेही थोडं तसंच होतं, ते आम्ही कोणी बघितलंच नव्हतं. म्हणाले, "चाक सरळ चलना नाय गो. फरफटत चलता. काथ्याची दोरी हाड."

दोरी आणली, तर तिचं एक टोक मला धरायला लावलं, त्याच चाकाशी उकिडवं बसवून. मी डोळे मिटून धरलं. दोन चाकांमधलं अंतर पुढून मापलं, मग मागून. पुढून चांगलं दोन बोटं जास्त भरलं. मग हे खाली सरपटत गेले, नुसते पाय दिसत होते. मी दोनदा हाक मारली.

"हंयच आसंय गो," आतून आवाज आला. दोन्ही चाकं मागच्या बाजूने जोडणारा लोखंडी दांडा खाणीतल्या दगडावर आपटून वाकला होता. वाकला म्हणून आखडला, आखडला म्हणून चाकं पुढून फाकली. आणि वाकल्या जागी चीर होती, नख जाईल एवढी.

"दांडो उतारावर तुटलो असतो तर?" मी विचारलं.

"तर तुझी ही बडबड ऐकूक मी नसतंय," हे म्हणाले आणि ट्रकाची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

त्या दुपारी ट्रक गेला नाही. दांडा काढला तेव्हा एक चाक समुद्राकडे बघत होतं, एक डोंगराकडे. नवा येईपर्यंत मी त्या बाजूला केरसुणीसुद्धा नेली नाही. सासूबाईंनी देवाला नारळ दिला. हे म्हणाले नारळ दांड्याक द्या, तर "तुका अक्कल आसा?" म्हणून त्यांनाच बोलणी बसली.

आता ट्रक सरळ जातो. टायर सारखा झिजतो, मी रोज हात फिरवून बघते. शांत व्हायला हवं ना मी? पण परवा मला कळलं की भरून उतरताना डोंगर डावीकडे असतो. खोल उजवीकडे. म्हणजे इतके दिवस जो कोणी गाडी ओढत होता, तो डोंगराकडे ओढत होता. चिरलेल्या दांड्यावर इतक्या खेपा झाल्या, काही झालं नाही. मी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "रस्त्याचो ढाळ आसा गो थंय डोंगराकडे," आणि गेले.

आता गाडीला कोणी धरलेलं नाही. दुपार झाली की मी झिलाला उराशी घेऊन खळ्यात उभी राहते. वळणावर इंजिनाचा आवाज आला की मगच चुलीवर भाताचं आधण ठेवते.